भूक पोटाची की जिभेची?

शेगाव स्टेशनावर गाडी थांबली की डब्यात कचोरीचा वास शिरतो. घरून भाकर खाऊन निघालेला माणूसही खिसा चाचपतो. ही भूक पोटाची नसते, वासाने जागी झालेली जिभेची असते.

पोटाची भूक हळूहळू वाढते. पोट रिकामे झाले की जठरातून घ्रेलिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि मेंदूला निरोप जातो. अशा वेळी भाकर-ठेचाही गोड लागतो. जिभेची भूक अचानक येते आणि ठरावीक पदार्थच मागते. स्वतःला विचारा, "आता वरण-भाकर मिळाली तर खाईन का?" उत्तर 'नको' आले, तर ओळखून घ्या.

आपल्या ज्येष्ठांना उपासमार पुस्तकातून शिकावी लागली नाही. 1972 च्या दुष्काळात मिलो ज्वारी आणि सुकडीवर कितीतरी घरांनी दिवस काढले. ज्यांनी रिकामे ताट पाहिले, त्यांना अन्न टाकणे जिवावर येते. म्हणून पोट भरल्यावरही "एवढे संपव" असा आग्रह होतो. त्या मायेला दोष देऊ नये. पण अंगमेहनत कमी झाली आणि ताट तेवढेच राहिले, तर वजन वाढते, मधुमेह-रक्तदाबाचा धोका वाढतो. अन्न टाकायचे नाही ना? मग आधीच कमी वाढा.

संयुत्त निकायात कोसलराजा पसेनदीची गोष्ट आहे. भरपेट जेवून तो धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रा राखून जेवणाऱ्याचे हित सांगणारी गाथा ऐकवली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू जेवण कमी झाले, शरीर हलके झाले. राजाचे जेवण बंद झाले नाही, त्याला फक्त भान आले.

आपणही सावकाश चावून जेवावे. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण 20 मिनिटे लागतात, तोवर दुसरी वाढ थांबवावी. कचोरी खायचीच तर खरी भूक असताना, एकच, चवीने खावी. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात, तेवढ्याच पिठात सुमारे 4.

एक मात्र लक्षात ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला घाम, थरथर होऊन एकाएकी भूक लागली, तर ते जिभेचे चोचले नव्हेत. रक्तातली साखर उतरलेली असू शकते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या आणि डॉक्टरांना दाखवा. वाढत्या मुलांच्या आणि गरोदर बाईच्या ताटालाही कात्री लावू नका.

जिभेचे लाड जरूर करावेत, पण पोटाला विचारून.