इक्वलायझरचे प्रीसेट आणि जुन्या ध्वनिमुद्रिका

'इक्वलायझर' हा शब्द मूळचा संगीतातला नव्हे. तो टेलिफोनच्या तारांतून आला. लांब तारेतून जाताना आवाजातील उंच स्वर अधिक क्षीण होत आणि खालचे कमी. ही तूट भरून काढून सर्व स्वर पुन्हा योग्य प्रमाणात आणणारी योजना अभियंत्यांनी केली आणि तिला 'सारखे करणारा' असे नाव पडले. म्हणजे मूळ काम दुरुस्तीचे. आज हेच साधन संगणकावर आणि मोबाइलवर घरोघर आले आहे. पण पुष्कळ लोक ते पानातल्या लोणच्यासारखे वापरतात, थोडे आणखी वाढा म्हणून.

व्हीएलसी हे विनामूल्य सॉफ्टवेअर आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्याचेच उदाहरण घेऊ. संगणकावर कंट्रोल आणि ई ही बटणे एकदम दाबली की इक्वलायझरची चौकट उघडते. तीत खालीवर सरकणारी दहा बटणे दिसतात व त्यांखाली ६०, १७०, ३१०, ६००, १०००, ३०००, ६०००, १२०००, १४००० आणि १६००० असे आकडे असतात. हे आकडे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांचे. डग्ग्याचा घुमार पहिल्या दोन बटणांच्या टापूत येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ कंपनांचा, म्हणजे १७०च्या अलीकडचा. शब्दांतील व्यंजने स्पष्ट होतात ती ३०००च्या आसपास, 'स' आणि 'श' यांचा फुत्कार ६०००च्या शेजारी. तंबोऱ्याच्या जवारीचे तेज कोठल्या एका आकड्यावर नाही. ते षड्जापासून निघून वरवर कित्येक हजारांपर्यंत पसरलेले असते.

आता प्रीसेट, म्हणजे या दहा बटणांची आधीच ठरवून ठेवलेली मांडणी. यादीत रॉक, पॉप, रेगे, टेक्नो अशा नावांत 'क्लासिकल' हेही नाव आहे. आपला रसिक साहजिकच ते निवडतो. पण निवडल्यावर बटणांकडे जरा पाहावे! खालची सहा जागच्या जागी राहतात आणि ६०००पासूनची वरची चार सात ते दहा डेसिबलने खाली येतात. चांगल्या, अलीकडच्या ध्वनिमुद्रणात याचा अर्थ इतकाच की जवारीचे तेज मंदावले आणि गायकाचा श्वास दूर गेला. ही यादी करताना ख्याल कोणाच्या मनात नव्हता, हे शेजारच्या नावांवरूनच उघड आहे. नावावर जाऊ नये, आकडे पाहावेत.

मग जुन्या ध्वनिमुद्रिकांचे काय? अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे दोन रीतींनी मुद्रित झाले आहे: १९०५च्या सुमारास कर्ण्यापुढे आणि १९३०नंतरच्या दशकात मायक्रोफोनपुढे. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९२५मध्ये. त्यापूर्वी गायकाच्या आवाजाच्या जोरावरच सुई हलत असे; त्यामुळे खालचा घुमार आणि तीन-चार हजारांपलीकडचे स्वर मुद्रिकेवर फारसे उतरलेच नाहीत. जे उतरलेच नाही ते वर सरकविलेले बटण आणणार कोठून? १२०००चे बटण चढविले तर खाँसाहेब नव्हे, सुईची खरखर मोठी होते. अशा मुद्रिकेसाठी आम्ही वरची तीन बटणे तळाशी नेतो, ६०००चे आठ-दहा डेसिबलने उतरवितो, ६०चेही उतरवितो, कारण तेथे तबकडीची घरघर तेवढी असते, आणि मधल्या बटणांना हात लावीत नाही. नंतरच्या, मायक्रोफोनपुढल्या मुद्रिकेस मात्र ६०००वर तीन-चार डेसिबलची काटछाट पुरते. अधिक केल्यास खाँसाहेबांच्या आवाजाची ती बारीक, अणकुचीदार धारच बोथट होते. खरखर थोडी राहिली तरी चालेल, धार जाता कामा नये, असे आमचे मत आहे. एकाच गायकाला असे दोन प्रीसेट लागतात.

बटण चढविण्यापेक्षा उतरविणे का बरे, याचे कारण गणिती आहे. सहा डेसिबल वाढ म्हणजे चौपट शक्ती, बारा म्हणजे सोळापट. संगणकातील ध्वनीस एक कमाल मर्यादा असते. तिच्यापुढे गेलेल्या लहरींचे माथे सपाट कापले जातात आणि तानेत कर्कशपणा शिरतो. म्हणून एखादे बटण तीन डेसिबल चढविलेच, तर 'प्रीअँप' नावाचे बाजूचे बटण निदान तेवढेच खाली घ्यावे. व्हीएलसीत प्रीसेट बदलताच हे बटणही आपोआप हलते, आणि यातच एक फसगत आहे: अधिक मोठा आवाज कानास नेहमी अधिक चांगला वाटतो. दोन प्रीसेटांची तुलना करावयाची तर दोहोंचा आवाज आधी सारखा करून घ्यावा.

हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३मध्ये दाखवून दिले की आवाज हळू असला म्हणजे कानाला खर्जातले स्वर फार कमी ऐकू येतात. रात्री मंडळी निजल्यावर हळू आवाजात ऐकणाऱ्याने १७०चे बटण दोन-तीन डेसिबल चढविले तर ते वावगे नव्हे. मोबाइलच्या इवल्याशा ध्वनिक्षेपकावर मात्र ६०चे बटण चढवून काही साधत नाही; तो तेवढा खालचा स्वर काढूच शकत नाही, नुसता फडफडतो. शिवाय वय वाढेल तसतसे वरचे स्वर कानाला कमी होत जातात. आजोबांनी बसविलेला प्रीसेट नातवाला टोचतो याचे कारण पुष्कळदा हेच असते. दोघांनी आपापला वेगळा ठेवावा.

मोबाइलवरील व्हीएलसीत आपली मांडणी नाव देऊन जपून ठेवता येते. तेथे 'खाँसाहेब, कर्णा' आणि 'खाँसाहेब, मायक्रोफोन' अशी सरळ नावे द्यावीत. जेथे ही सोय सापडणार नाही तेथे दहा आकडे आणि प्रीअँपचा अकरावा एका चिठ्ठीवर लिहून ती संगणकाशेजारी डकवून ठेवावी.