मापाने घेता, वजनाने मोजा : कडधान्याचा घरगुती हिशेब

जुन्नर, घोडेगाव, मंचरच्या बाजारात कडधान्य किलोने मिळते. घरात मात्र ते वाटीने किंवा ग्लासाने शिजायला पडते. जुन्या माणसांच्या तोंडी अजून चिपटे, मापटे, शेर, पायली आहे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पण ही मापे जागेची आहेत, वजनाची नाहीत. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली, तरी स्वयंपाकघरातला हा घोळ राहिलाच.

घोळ आरोग्याचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार, दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात सुमारे ८५ ग्रॅम डाळी-कडधान्य हवे. अंडी-मांस खाणाऱ्यांनी तेही यातच धरायचे. हे वजन कोरड्या, न शिजवलेल्या कडधान्याचे आहे.

एका ग्लासात किती?

एक लिटर पाण्याच्या बाटलीतून जो ग्लास बरोबर पाच वेळा भरतो, तो २०० मिलिलिटरचा. असा ग्लास कोरड्या कडधान्याने काठोकाठ भरून बोटाने सपाट केला, तर साधारण वजन असे :

- मूग : १७५ ग्रॅम
- हरभरा : १७० ग्रॅम
- मटकी : १६५ ग्रॅम
- मसूर : १६० ग्रॅम
- राजमा : १५५ ग्रॅम
- चवळी : १४० ग्रॅम

म्हणजे अर्धा ग्लास मूग हा एका मोठ्या माणसाचा दिवसाचा वाटा. मुगाऐवजी चवळी केली, तर प्रत्येक ग्लासामागे पाव ग्लास जास्त घ्यावी, तरच वजन तेवढे भरते. शीग ठेवून भरले तर हा हिशेब चुकतो.

आपल्या वाटीचे वजन

घरात काटा नसला तरी चालेल. एक किलोचे बंद पाकीट आणा. त्यावर निव्वळ वजन छापलेले असते. पाकीट फोडून सपाट वाट्या मोजा. आठ भरल्या, तर हजार भागिले आठ, म्हणजे वाटी १२५ ग्रॅमची. प्रत्येक कडधान्याचा आकडा वेगळा येईल. तो डब्यावर लिहून ठेवा, म्हणजे घरातले कोणीही स्वयंपाक करो, माप तेच राहील.

मोड आलेले घेताना

मोड येईपर्यंत मटकी भरपूर पाणी पिते. तिचे वजन दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त होते. बाजारातून पाव किलो मोड आलेली मटकी आणली, तर तिच्यात कोरडी मटकी जेमतेम १०० ते १२५ ग्रॅम असते, बाकी पाणी. म्हणून भाव विचारताना कोरड्या मटकीच्या भावाशी ताडून पाहा. घरी मोड आणले तर पैसे वाचतात.

शिजलेल्या भाजीचेही तसेच. पातेले भरले म्हणून ताटात कडधान्य पुरेसे आले असे नाही. रस्सा वाढवला की वाट्या वाढतात, प्रथिने वाढत नाहीत. १०० ग्रॅम कोरड्या मुगात सुमारे २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. पाणी कितीही घातले तरी ती तेवढीच. पाहुणे आले की रश्शाबरोबर मूठभर दाणेही वाढवावेत.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि वाढती मुले यांच्या वाट्याला आधी दाणे यावेत, असे आम्ही सुचवतो. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.