डबा आपटून जहाज तरत नाही

डिचोली तालुक्यातल्या सारमानसच्या धक्क्यावर बार्जमध्ये खनिज पडतं, मांडवीतून खाली येतं आणि मुरगावला नांगरलेल्या मोठ्या जहाजाच्या होल्डमध्ये जातं. पावसाळ्यात आग्वादचा बार बंद झाला की बार्जवाले कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरतात. एवढ्याशा प्रवासात माल दोन कायद्यांच्या हाताखालून जातो. नदीतली बार्ज अंतर्देशीय जलयान कायद्याखाली, बंदर कप्तान खात्याच्या नोंदीत. समुद्र ओलांडणारं जहाज ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली. माणसं मात्र पुष्कळदा एकाच मुलखातली असतात: डिचोली, पेडणे, सावंतवाडी, वेंगुर्ले. बार्जवर काही हंगाम काढलेला मुलगा वास्कोत कोर्स करतो, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक काढतो आणि ‘फॉरेन’ला जातो. कायदा बदलतो, पण जुन्या तारवट्यांकडून ऐकलेलं त्याच्याबरोबर जहाजावर चढतं. त्यातलं बरंच उपयोगाचं असतं. काही मात्र जिवावर बेतणारं.

गोव्याच्या सर्वांत जवळचा गैरसमज खनिजाबद्दलचाच आहे. लोहखनिज म्हणजे दगडच. जड माल, एकदा होल्डच्या तळाशी बसला की हलतोय कशाला? पण इथून जाणाऱ्या मालात मोठा वाटा ‘फाइन्स’चा, म्हणजे बारीक भुकटीचा असतो. भुकटीच्या कणांमध्ये पाणी असतं. इंजिनाची थरथर आणि लाटांचे हेलकावे यांनी कण एकमेकांजवळ सरकतात, मधल्या पाण्यावर दाब येतो आणि एका क्षणी कणांची एकमेकांवरची पकड सुटते. वरून कोरडा दिसणारा ढीग दाट चिखलासारखा वाहू लागतो. जहाज एका बाजूला कललं की माल तिकडे जातो. उलट हेलकाव्याला तो पूर्ण परतत नाही. कल वाढत जातो आणि जहाज उलटायला कधी कधी काही मिनिटं पुरतात. 2009च्या पावसाळ्यात आपल्याच किनाऱ्यांवर हे दोनदा घडलं. जुलैत मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ बुडालं, सप्टेंबरात पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’. दोन्हींच्या पोटात लोहखनिजाची भुकटी होती.

मग धक्क्यावर आणि जहाजावर करतात ती डब्याची चाचणी कशासाठी? एका डब्यात निम्म्यापर्यंत माल घ्यायचा, साधारण वीतभर उंचीवरून तो कठीण जागेवर आपटायचा, असं 25 वेळा. वर पाणी किंवा ओलसर चकाकी आली, तर माल धोक्याचा. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. चूक होते ती पुढच्या पायरीवर: चकाकी आली नाही, म्हणजे माल सुरक्षित! सुट्या मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत नेमकं याबद्दल बजावलेलं आहे. नमुना कोरडा दिसला तरी ओलावा मर्यादेपलीकडे असू शकतो. ही चाचणी फक्त ‘नको’ म्हणू शकते, ‘हो’ म्हणायचा अधिकार तिला नाही. ‘हो’ म्हणण्यासाठी प्रयोगशाळेत मोजलेला ओलावा आणि त्या मालाची वाहतुकीची ओलावा-मर्यादा, हे दोन्ही आकडे लेखी लागतात. ढिगावर पाऊस पडून गेला असेल, तर कालचा आकडा आज चालत नाही. लोहखनिजाच्या भुकटीसाठी या नियमावलीत स्वतंत्र प्रकरण सक्तीचं झालं ते 1 जानेवारी 2017पासून. तोवर पुष्कळ जहाजं तळाशी गेली होती.

नांगरावरचा विश्वासही असाच. बंदराबाहेर दोन नांगर टाकले, आता निर्धास्त, असं म्हणणारे पुष्कळ. गोव्याच्या लोकांना याचं उत्तर समुद्रानेच दोनदा किनाऱ्यावर आणून ठेवलं. जून 2000मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ कांदोळी-सिकेरीच्या वाळूत रुतलं आणि दशकभराहून अधिक काळ तिथेच पडून राहिलं. ऑक्टोबर 2019मध्ये ‘क्यार’ वादळाच्या दिवसांत ‘नु शी नलिनी’ हे नाफ्था भरलेलं जहाज दोनापावलाच्या खडकांवर आलं. त्यावर एकही खलाशी नव्हता. जहाजाच्या वर्गीकरण संस्था नांगर-साखळीचा आकार ठरवताना बंदरातला किंवा आडोशाचा तात्पुरता मुक्काम गृहीत धरतात. वारा सेकंदाला 25 मीटर, म्हणजे ताशी 90 किलोमीटरपर्यंत. उघड्या समुद्रात वादळ अंगावर घेऊन उभं राहण्यासाठी ही सामग्री बनवलेलीच नसते. मे 2021मध्ये ‘तौक्ते’ वादळाने मुंबईच्या पश्चिमेला हिरा तेलक्षेत्रात ‘पी-305’ या कामगारांच्या बार्जचे नांगर तोडले, बार्ज भरकटली आणि 17 मेच्या संध्याकाळी बुडाली. तिला स्वतःचं इंजिन नव्हतं. तिच्यावर 261 माणसं होती. नौदलाच्या नौका रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी पाण्यातून माणसं वेचत राहिल्या आणि 186 जण वाचले. त्याच वादळात ‘वरप्रदा’ हा टग गेला. त्यावरच्या 13 जणांपैकी दोघंच परतले.

‘पी-305’वरून वाचलेल्यांनी सांगितलेली एक गोष्ट प्रत्येक खलाशाने लक्षात ठेवावी अशी आहे: कित्येक लाइफराफ्ट फाटलेले, निकामी निघाले. पांढऱ्या डब्यातला राफ्ट म्हणजे अग्निशामक सिलिंडरासारखी एकदा लावून विसरायची वस्तू, असं समजलं जातं. तो दर बारा महिन्यांनी मान्यताप्राप्त केंद्रात उघडून, फुगवून तपासावा लागतो. डब्याला बांधलेलं छोटं हायड्रोस्टॅटिक युनिट जहाज बुडताना पाण्याच्या दाबाने, चार मीटर खोलीच्या आत, पट्टा आपोआप सोडतं. या युनिटचे वापरून टाकायचे प्रकार सर्रास दिसतात आणि ते बसवल्यापासून दोन वर्षंच चालतात. कोणत्या महिन्यात बदलायचं, ते त्याच्यावरच खूण करून ठेवायचं असतं. आणखी एक घोळ बांधणीचा. राफ्टची दोरी, म्हणजे पेंटर, युनिटच्या कमजोर कडीला जोडायची असते. ती कडी जहाजाबरोबर खाली जाताना तुटते आणि फुगलेला राफ्ट वर येतो. नीटनेटकेपणाच्या हौसेने कोणी ती दोरी थेट डेकच्या कड्याला घट्ट बांधली, तर फुगलेला राफ्ट जहाजाबरोबर तळाला जातो. हाताने राफ्ट टाकतानाही आधी दोरीचं टोक जहाजाला बांधलेलं हवं, मगच डबा पाण्यात. आणि पूर्ण दोरी ओढून शेवटी हिसका दिल्याशिवाय तो फुगत नाही. डबा आपटला की उघडतो, ही समजूत सिनेमातली.

राफ्टमध्ये बसल्यावर चार-पाच दिवसांची चैन असते असंही नाही. नियमाप्रमाणे माणशी पाणी असतं दीड लिटर. म्हणूनच पहिल्या 24 तासांत, जखमी वा आजारी सोडून, कुणाला पाणी देऊ नये असं शिकवतात.

अरबी समुद्र उबदार आहे, इथे थंडीने कोण मरतं, हेही वरचेवर ऐकू येतं. 28 अंशांचं पाणीसुद्धा शरीरापेक्षा नऊ अंशांनी थंड असतं आणि पाणी हवेच्या कितीतरी पट वेगाने उष्णता ओढतं. ‘पी-305’ची माणसं ऐन मे महिन्यात तासन् तास पाण्यात होती. पोहत राहिलं की ऊब येते असं वाटतं; प्रत्यक्षात हालचालीने अंगालगतचं तापलेलं पाणी निघून जातं. गुडघे पोटाशी घेऊन, जॅकेटमध्ये गोळा होऊन राहणं आणि शक्य तर एकमेकांना धरून घोळका करणं हा खरा उपाय.

लाइफजॅकेटबद्दल थोडक्यातच सांगण्यासारखं आहे, कारण ते नुसतं घालायचं असतं, आणि तेच होत नाही. पट्टीचा पोहणाराही डोक्याला मार लागून पाण्यात पडला तर पोहत नाही. चांगलं जॅकेट बेशुद्ध माणसाचं तोंड वर फिरवतं. सीटखाली ठेवलेलं जॅकेट बोट उलटल्यावर सीटखालीच राहतं. 18 डिसेंबर 2024ला मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि 15 जण गेले. त्यानंतर त्या मार्गावर प्रवाशांना जॅकेट सक्तीचं झालं. केरी ते तेरेखोल फेरीत बसणाऱ्याला ‘नदीच तर आहे’ असं वाटतं, तसंच गेटवेवरच्यांना ‘तासाभराचा तर प्रवास’ असं वाटत होतं.

सर्वांत घातकी समज मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या हवेबद्दलचा. टाकीचं झाकण उघडलं, वास नाही, धूर नाही. मग उतरायला काय हरकत? मुरगावला कोळसा उतरतो. कोळसा बंद होल्डमध्ये प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. होल्डला लागून असलेल्या शिडीच्या जागेतही हवा तशीच होते. रिकाम्या टाकीत तर गंज पुरेसा असतो, कारण लोखंड गंजताना हवेतला प्राणवायूच वापरतं. 2012नंतर आणि पुन्हा 2018नंतर खाणी बंद पडल्या, बार्ज वर्षानुवर्षं नांगरून राहिल्या; अशा बार्जच्या बंद टाकीत उतरणं म्हणजे विहिरीत डोळे मिटून उडी. श्वास कोंडल्याची जाणीव शरीराला होते ती साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. प्राणवायू कमी झाल्याची घंटा शरीरात वाजतच नाही. माणूस शिडीवरच ओळीने दोन पायऱ्या चुकतो आणि पडतो. वर उभा असलेला मित्र ‘चक्कर आली वाटतं’ म्हणून धावतो, आणि मग तिसरा. बंद जागेतल्या अपघातांत एकामागून एक मृत्यू होतात ते याच मायेपोटी. मोठ्या जहाजांवर 1 जानेवारी 2015पासून दर दोन महिन्यांनी बंद जागेतून माणूस काढण्याची ड्रिल सक्तीची आहे. नदीतल्या बार्जवर टाकीतली हवा तपासणारा मीटर असायला हवा की नाही, हा वाद घालण्यात वेळ दवडण्यापेक्षा तो विकत घेणं स्वस्त पडेल.

इथेच ईईबीडीचा घोळ होतो. चौकोनी पिशवीत टांगलेलं, डोक्यावरून ओढायचं हे हुड पाहून ‘श्वासाचं यंत्र आहे, घालून आत जाऊ’ असं वाटणं साहजिक आहे. त्यात निदान दहा मिनिटांची हवा असते आणि ती धुरातून बाहेर पडण्यासाठी. आत शिरायला, आग विझवायला, कुणाला काढायला ते वापरायचंच नाही. त्यासाठी पाठीवरचा हवेचा सिलिंडर असतो: निदान 1200 लिटर, साधारण अर्ध्या तासाचा, आणि दोनशे लिटर उरायच्या आधी शिट्टी वाजलीच पाहिजे. घाबरलेला, धावणारा माणूस तो अर्धा तास वीस मिनिटांत संपवतो.

इंजिनरूममध्ये सोडायचा कार्बन डायऑक्साइड आगीला मारतो तसाच माणसालाही. म्हणून गॅस सुटण्याआधी किमान वीस सेकंद भोंगा वाजतो आणि सोडण्याआधी सगळ्यांची हजेरी घेतली जाते. ‘आग विझली का बघू’ म्हणून लगेच दार उघडलं, की ताजी हवा आत जाते आणि गरम लोखंडावर आग पुन्हा पेटते. कंटेनरच्या आगीत तर हातातल्या यंत्राने काही साधत नाही. 19 जुलै 2024ला कारवारपासून दूर समुद्रात ‘मर्स्क फ्रँकफर्ट’च्या कंटेनरांना आग लागली आणि एका खलाशाचा जीव गेला. गोव्याहून गेलेल्या तटरक्षक दलाच्या नौका कित्येक दिवस पाणी मारत होत्या. अशा वेळी जहाजावरच्यांचं मुख्य काम असतं शेजारचे कंटेनर आणि पोलाद थंड ठेवणं.

‘आयएसएम’ ही जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय नियमावली म्हणजे ऑडिटपुरती फाइल, हा समज अधिकाऱ्यांतही आढळतो. 6 मार्च 1987ला बेल्जियममधल्या झीब्रुगे बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी पुढचा दरवाजा उघडा ठेवून निघाली, उलटली आणि 193 जण गेले. दरवाजा बंद करणारा झोपला होता हे खरंच. पण दरवाजा बंद आहे की नाही हे दाखवणारा दिवा ब्रिजवर हवा, अशी मागणी कप्तानांनी आधीच केली होती आणि ती किनाऱ्यावरच्या कार्यालयात उडवून लावली गेली होती. आयएसएम जन्मली ती त्या कार्यालयाला जबाबदार धरण्यासाठी. कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्यापर्यंत थेट पोचणारा एक नेमलेला माणूस किनाऱ्यावर असावा आणि सुरक्षिततेच्या बाबतीत शेवटचा शब्द मास्टरचा असावा, असं त्यात लिहिलेलं आहे. कोणत्याही खलाशाला त्या माणसाला फोन करता येतो. त्याचं नाव आणि नंबर मेसरूमच्या भिंतीवर लावलेला असतो. तो वाचलेले कमी भेटतात.

लाइफबोट ही जहाजावरची सर्वांत सुरक्षित जागा, हेही तपासून घ्यावं. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने 2001मध्ये दहा वर्षांचे अपघात काढले, तेव्हा बोटी उतरवताना-चढवताना 12 व्यावसायिक नाविक मेले आणि 87 जखमी झाले होते, तेही बहुतांश ड्रिल किंवा देखभालीत. हुक नीट न बसल्याचं वरून कळत नाही आणि बोट खाली कोसळते. त्यानंतर ड्रिलमध्ये माणसं बसवून बोट उतरवण्याची सक्ती गेली आणि हुकांचे नियम कडक झाले. आता रिकामी बोट खाली सोडून मग माणसं चढवली, तरी ड्रिल भरते.

गोव्यात हे हातांनी शिकायची सोय वाढते आहे. बेतुलला ओएनजीसीच्या संस्थेत समुद्रात तग धरण्याचं प्रशिक्षण केंद्र फेब्रुवारी 2024मध्ये सुरू झालं. तिथे पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडायचा सराव करून घेतात. एकदा कोर्स केला की जन्मभराचं काम झालं, असं समजणाऱ्यांसाठी: पाण्यात तग धरण्याची आणि आग विझवण्याची क्षमता दर पाच वर्षांनी पुन्हा दाखवावी लागते.

राहिले फ्लेअर. मुदत सरलेले रॉकेट फ्लेअर दिवाळीत उडवण्याची हौस किनाऱ्यावर आहे. पॅराशूट फ्लेअर 300 मीटर वर जातो आणि 40 सेकंद लाल जळतो. समुद्रावर तो दिसला की तो संकटाचाच मानला जातो आणि शोध सुरू करावा लागतो. मुदत संपलेले फ्लेअर पुरवठादाराकडे परत करायचे असतात. खरोखर संकट ओढवलं आणि मोबाइलला रेंज असली, तर तटरक्षक दलाचा नंबर 1554. रेंज नसली, तर व्हीएचएफचं चॅनेल 16, आणि बोलताना आधी जागा सांगायची. जहाजाच्या तक्रारी नंतर.