ज्या आतड्याला दार नाही

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ग्रेट डेनचं पिल्लू आलं तेव्हा ते जेमतेम दोन महिन्यांचं होतं, पण वजन आठ किलोंच्या पुढे. पंजे एवढे मोठे की थोरल्या भावाचे बूट घालून आल्यासारखं चालायचं. नाव ठेवलं भीम. दुकानदाराने पिल्लासोबत दोन वस्तू दिल्या होत्या: कोरड्या खाद्याचं तीन किलोंचं पाकीट आणि कॅल्शियमच्या सिरपची बाटली. "मोठी जात आहे, हाडं दणकट व्हायला हवीत. रोज दोन चमचे पाजा." बघायला जमलेल्या आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठा कुत्रा, मोठी हाडं, आणि हाडं म्हणजे कॅल्शियम. यात चुकण्यासारखं काय आहे?

त्या बाटलीच्या निमित्ताने मी वाचायला बसलो आणि पुढचे कित्येक दिवस त्यातून बाहेरच आलो नाही.

आधी वाढीचा हिशेब पाहा. ग्रेट डेनचं पिल्लू जन्मतं तेव्हा अर्धा-पाऊण किलोचं असतं, बाजारातल्या एखाद्या कोबीच्या गड्ड्याएवढं. दीड वर्षात त्यातला नर पन्नास-साठ किलोंवर जातो. म्हणजे जवळजवळ शंभर पट. आपलं मूल तीन किलोंचं जन्मतं आणि साठ किलोंचं व्हायला अठरा-वीस वर्षं घेतं, तेव्हा कुठे वीस पट होतं. पाच-सहा महिन्यांत हा गडी प्रौढ वजनाच्या निम्म्यावर आलेला असतो, आणि तोंडात पक्के दात अजून पुरते बसलेलेही नसतात.

नुसतं मोठं होणं ही गोष्ट किती अवघड आहे, हे गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात एका चित्रातून दाखवलं होतं. त्यात दोन हाडं शेजारी शेजारी काढलेली आहेत: एक लहान प्राण्याचं, दुसरं तेच काम मोठ्या प्राण्यात करू शकेल असं. दुसरं नुसतं लांब नाही, बेढब जाड आहे. कारण प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट झाला की वजन आठपट होतं, पण हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढतं. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट ओझं. मोठ्या जातीच्या पिल्लाला हे ओझं हाड अजून तयार होत असतानाच पेलायचं असतं. पाया ओला आहे आणि वर मजले चढतायत, असा प्रकार.

हाड लांब होतं ते टोकांजवळच्या पातळ चकत्यांमध्ये. या चकत्या कूर्चेच्या असतात, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीत वरच्या बाजूला लागतं तसल्या लवचीक पदार्थाच्या. सूक्ष्मदर्शकाखाली तिथल्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या दिसतात. चळतीच्या एका टोकाला नवी नाणी पडत राहतात, दुसऱ्या टोकाची जुनी नाणी फुगतात, मरतात आणि त्यांच्या जागी हाड येतं. मागून दुसऱ्या पेशी नको असलेलं हाड पोखरून काढतात आणि त्याला घाट देतात. आकार बिघडू न देता लांबी वाढवायची तर बांधणारे आणि पोखरणारे, दोघांचीही लय जमावी लागते. पुढच्या पायात तर दोन हाडं जोडीने वाढतात. त्यातलं एक मागे पडलं की ते धनुष्याच्या दोरीसारखं ताणून बसतं आणि दुसऱ्याला कमान येते. बाकदार पुढचे पाय घेऊन फिरणारे मोठे कुत्रे आपण पाहिलेले असतात, आणि "जातच तशी असेल" म्हणून सोडून दिलेलं असतं.

आता त्या दाराकडे येऊ. प्रौढ कुत्र्याच्या किंवा माणसाच्या आतड्याला कॅल्शियमसाठी एक प्रकारचं दार असतं. शरीरात पुरेसं असेल तर ते किलकिलं राहतं आणि जास्तीचं कॅल्शियम विष्ठेतून निघून जातं. कमी पडलं की ड जीवनसत्त्वाच्या इशाऱ्यावर दार सताड उघडतं. कोवळ्या पिल्लाकडे, साधारण सहा महिन्यांच्या आत, हे दार मिटण्याची सोयच धड नसते. जे येईल त्यातलं निम्म्याच्या आसपास कॅल्शियम आपोआप आत झिरपतं, गरज असो वा नसो. मला तरी यात निसर्गाचा वेडेपणा दिसत नाही. आईच्या दुधात कॅल्शियम बेताचंच असतं, तेव्हा नाही म्हणायची वेळ येण्याचं कारणच नव्हतं. बाटलीतलं सिरप त्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

हे कळलं ते नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात. हर्मन हाझेविंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या पिल्लांना वेगवेगळ्या प्रमाणात कॅल्शियम देऊन वाढवलं. १९८५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही पिल्लांच्या खाद्यात १.१ टक्के कॅल्शियम होतं आणि काहींच्या खाद्यात ३.३ टक्के. तिप्पट कॅल्शियम खाणाऱ्यांची हाडं दणकट व्हायला हवी होती. उलट त्यांच्या सांगाड्याची घडण बिघडली, कूर्चेचं हाड होणं रखडलं. जास्तीचं कॅल्शियम रक्तात साचू नये म्हणून शरीराने पोखरणाऱ्या पेशींना थांबवून ठेवलं होतं. पोखरणारे संपावर गेले की घाट देणार कोण?

याचा अर्थ कॅल्शियम नको असा नाही, आणि दुसऱ्या बाजूची चूक आपल्याकडे तितकीच होते. "घरचंच खाऊ दे, चिकन-भात" म्हणून पिल्लाला नुसतं बिनहाडाचं मटण-चिकन घालतात. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, दोन्हींत पंधरा-वीस पटींचा फरक. रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी मग शरीर पिल्लाच्याच हाडांतून ते उपसायला लागतं. हाडं पातळ होतात, उडी मारताना मोडतात. आणि गंमत अशी, की या भीतीने दचकून माणसं धावतात ती सिरपच्या बाटलीकडेच, तीही अंदाजाने.

म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लाचं कोरडं खाद्य निवडताना मी पाकिटावरच्या चित्राकडे बघतच नाही. पाकीट उलटं करून बारीक अक्षरांत कॅल्शियमचा आकडा शोधतो. अमेरिकेतली एएएफसीओ ही संस्था पशुखाद्याचे जे निकष ठरवते, त्यांत वाढत्या पिल्लांच्या खाद्यात पाणी वगळून किमान १.२ टक्के कॅल्शियम लागतं. कमाल मर्यादा सर्वसाधारणपणे २.५ टक्के, पण मोठेपणी ३२ किलोंच्या आसपास किंवा त्याहून जड होणाऱ्या कुत्र्यांसाठी ती १.८ टक्क्यांवर आणलेली आहे. त्या निकषांवर बनवलेल्या पाकिटावर एक लांबलचक इंग्रजी वाक्य असतं. त्याच्या शेवटी मोठ्या कुत्र्यांच्या वाढीचा उल्लेख येतो, आणि त्याआधी 'इन्क्लुडिंग' आहे की 'एक्सेप्ट', एवढ्या एका शब्दावर सगळं येऊन ठेपतं. पहिल्याचा अर्थ हे खाद्य त्यांनाही चालेल. दुसऱ्याचा अर्थ त्यांना सोडून बाकी सगळ्यांना.

भीमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून आम्ही जो हिशेब केला तो असा. पाकिटावर कॅल्शियम १.३ टक्के, ओलावा १० टक्के. पाणी वगळलं तर १.३ भागिले ०.९, म्हणजे १.४४. मर्यादेच्या आत. मग ऊर्जा: १०० ग्रॅममध्ये ३७० किलोकॅलरी, म्हणजे दर हजार किलोकॅलरीमागे कॅल्शियम साडेतीन ग्रॅम. हे ३ ते ४.५ ग्रॅमच्या मध्ये बसलं पाहिजे, आणि बसलं. हा दुसरा हिशेब जास्त खरा, कारण पिल्लू टक्के खात नाही, पोट भरेपर्यंत कॅलरी खातं. एक मेख मात्र आहे. बऱ्याच पाकिटांवर कॅल्शियमपुढे 'किमान' लिहिलेलं असतं. किमान एक टक्का, म्हणजे प्रत्यक्षात सव्वा असेल किंवा अडीचही. कमाल आकडा छापलेला नसेल तर कंपनीला फोन करून विचारायचा. जी कंपनी सांगत नाही तिचं खाद्य घ्यायचं नाही, एवढं माझं साधं मत.

प्रोटीनचं भूत मात्र उतरवायला हवं. "प्रोटीन जास्त झालं की पिल्लू भराभर वाढतं आणि पाय बिघडतात" असं अजूनही कानावर येतं. उट्रेख्तमध्येच ग्रेट डेनवर हेही करून पाहिलं गेलं. १९९१ सालच्या त्या अभ्यासात प्रोटीन कमी-जास्त केल्याने सांगाड्याचे आजार झाल्याचं दिसलं नाही. बिचाऱ्या प्रोटीनवर उगाच आळ. मक्यावर आणि तांदळावरही असाच आळ घेतात. महाभारतातल्या भीमाचं दुसरं नाव वृकोदर, लांडग्याचं पोट असलेला. पण आमच्या भीमकडे नेमकं तेच उरलेलं नाही. २०१३ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका संशोधनानुसार पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. आपल्या उकिरड्यांभोवती आणि चुलींभोवती राहता राहता त्यांचं पोट भाकरीला सरावलं. तेव्हा पाकिटावर 'धान्यविरहित' लिहिलंय म्हणून शंभर-दोनशे रुपये जास्त मोजायचं मला काही कारण दिसत नाही.

तो दाणा बनतो तेही बघण्यासारखं आहे. चकलीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा, पण तो वाफेने तापलेला आणि आत प्रचंड दाब असलेला. पीठ, मांसाची भुकटी, पाणी यांचा गोळा त्यातून रेटतात. छिद्रातून बाहेर येताक्षणी दाब सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि दाणा लाहीसारखा फुलतो. १९५७ साली अमेरिकेत प्युरिनाने या तंत्राने कुत्र्यांचं खाद्य बाजारात आणलं. नाश्त्याच्या फुगीर धान्याचं तंत्र कुत्र्याच्या ताटलीत आलं ते असं. दाणे वाळले की वरून चरबीचा फवारा. म्हणूनच पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की त्याला खवट वास येतो. तीन किलोंचं पाकीट महाग पडतं, तरी पिल्लू लहान असेपर्यंत वीस किलोंची गोणी आणू नये. आणलीच तर दाणे डब्यात ओतून न ठेवता गोणीसकट डब्यात ठेवावेत.

आणि एवढं निवडून झाल्यावर खरा घोळ पुढेच असतो. चांगलं खाद्य जास्त घातलं तरी पाय बिघडतात. १९७४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात ओके हेधम्मार आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेनच्या काही पिल्लांना हवं तितकं खाऊ दिलं आणि काहींना तेच अन्न मोजून, कमी दिलं. मनसोक्त खाणारी झपाट्याने वाढली आणि हाडा-सांध्यांच्या दुखण्यांनी तीच जास्त ग्रासली. पुढे लॅब्राडॉरवर त्याहून चिवट प्रयोग झाला, आणि तोही चक्क एका खाद्य कंपनीने, प्युरिनानेच केला. ४८ पिल्लं, जोड्या लावलेली, प्रत्येक जोडीतली दोघं एकाच वेतातली भावंडं. एकाला जेवढं लागेल त्याच्या पंचवीस टक्के कमी दुसऱ्याला. असं आठ आठवड्यांच्या वयापासून मरेपर्यंत. कमी खाणाऱ्यांत खुब्याच्या सांध्याचा आजार पुष्कळच कमी दिसला. २००२ साली निकाल छापून आला तेव्हा भरपूर खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ११.२ वर्षं होतं आणि कमी खाणाऱ्यांचं १३. अन्न विकणाऱ्यांनीच कमी खायला घाला असं सिद्ध करावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आपल्याला हे पचायला जड जातं, कारण आपण गुटगुटीत बालक स्पर्धांवर पोसलेले लोक. पिल्लाने बाळसं धरलं की आपला जीव निवतो. मोठ्या जातीच्या पिल्लाला बाळसं नको. कंबर वरून दिसली पाहिजे, पोट बाजूने आत गेलेलं हवं. डॉक्टरांनी भीमच्या घरच्यांना एक युक्ती दाखवली. मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा: पिल्लाच्या बरगड्या अशा टोचल्या तर ते खंगलंय. तळवा उलटा करून अंगठ्याच्या मुळाशी दाबा: असं गुबगुबीत लागलं तर जास्त होतंय. आता पंजा सरळ पसरून पाठच्या बाजूने बोटांच्या सांध्यांवर हात फिरवा. हाडं जाणवतात पण वर मऊ पातळ थर आहे ना? बरगड्या तशा लागायला हव्यात.

भीम आता सहा महिन्यांचा आहे, तीस किलोंच्या वर. सिरपची बाटली पहिल्याच आठवड्यात बेसिनमध्ये रिकामी झाली. त्याचे दाणे वाटीने मोजत नाहीत, आजीच्या लाडवांच्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये तोलतात, दिवसाचे तीन भाग करून. त्याच्या वाढीच्या चकत्या मिटायला अजून वर्षभर तरी लागेल, तोवर पिल्लाचंच खाद्य. आजींना हे मुळीच पटलेलं नाही. "बरगड्या मोजून घ्याव्यात पोराच्या," असं त्या जिन्यात भेटेल त्याला ऐकवतात. परवा मी वर गेलो तेव्हा भीमच्या नाकाला काहीतरी करडं लागलेलं दिसलं. नाचणीचं सत्त्व. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे मला आता पाठ झालंय. आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग भीमकडे, आणि पदराने त्याचं नाक पुसून टाकलं.