चिन्ह हरपलें म्हणजे काय हरपलें?

घरांतील संगणकाविषयीं ज्या तक्रारी वारंवार ऐकूं येतात, त्यांत एक तक्रार दिसावयास क्षुल्लक, परंतु घरच्या मंडळींना हैराण करणारी अशी असते. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत, घड्याळाच्या शेजारीं, कर्ण्याचें जें लहानसें चित्र असतें तें एके दिवशीं नाहींसें होतें. किंवा आवाज वाढविण्याची कळ दाबली असतां पडद्यावर जी पट्टी उमटावयाची ती उमटतच नाहीं. अथवा एकदां उमटली कीं जागची हलत नाहीं. यंत्र बिघडलें, असा निर्णय घरांत तत्काळ होतो. कोणी भलताच दुरुस्तीचा प्रोग्रॅम उतरवून घेतो, कोणी यंत्र दुकानांत नेतो, आणि कोणी तर सर्व कांहीं पुसून विंडोज पुन्हा नव्यानें बसवितो व त्या भरांत वर्षानुवर्षांचीं छायाचित्रें घालवून बसतो. वास्तविक अशा वेळीं बिघाड बहुधा यंत्राचा नसतो. यंत्राची खबर देणाऱ्या चिन्हाचा असतो. या दोहोंतील भेद ओळखणें हीच दुरुस्तीची पहिली पायरी होय.

हा भेद संगणकाबरोबर जन्मास आलेला नाहीं. जुन्या रेडिओ-यंत्रांपैकीं कित्येकांवर हिरव्या प्रकाशाचा एक डोळा असे. अमेरिकेंतील आर. सी. ए. या कंपनीनें १९३५ सालीं अशी नलिका बाजारांत आणली आणि पुढें देशोदेशींच्या रेडिओंवर ती दिसूं लागली. स्टेशन बरोबर लागलें कीं त्या डोळ्यांतील काळी फट मिटत येई. वापरानें आंतील चकाकणारा लेप हळूहळू मंद होई आणि कांहीं वर्षांनीं डोळा दिवसाउजेडीं दिसेनासा होई. परंतु गाणें पूर्वींइतकेंच स्वच्छ ऐकूं येत राही. डोळा गेला म्हणून रेडिओ टाकून देण्याचें कारण नसे. संगणकाच्या पडद्यावरील कर्णा हा त्या डोळ्याचाच वंशज समजावा.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ऑगस्ट १९९५ मध्यें विंडोज ९५ ही प्रणाली बाहेर काढली. तीतच पडद्याच्या तळाशीं टास्कबार नांवाची पट्टी आणि तिच्या उजव्या टोकास घड्याळ व लहान चिन्हें यांची जागा प्रथम आली. या जागेचें अधिकृत नांव नोटिफिकेशन एरिया, म्हणजे सूचनांची जागा, असें आहे. लोकांच्या तोंडीं मात्र सिस्टिम ट्रे हेंच नांव बसलें. त्या काळीं ध्वनि, बॅटरी वगैरेंचीं चिन्हें दाखविणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचें नांव सिसट्रे असें होतें. त्यावरून हें नांव पडलें असावें, असें मानतात.

या जागेची व्यवस्था समजण्यास चाळीच्या जिन्यापाशीं लावलेला भाडेकरूंच्या नांवांचा फळा डोळ्यांपुढें आणावा. फळा चाळीच्या मालकाचा, नांवें मात्र बिऱ्हाडकरूंचीं. संगणकांतील हा मालक म्हणजे एक्सप्लोरर नांवाचा प्रोग्रॅम. टास्कबार तोच रेखाटतो. प्रत्येक प्रोग्रॅम चालू झाला म्हणजे ‘माझें नांव फळ्यावर लावा’ अशी विनंति त्याच्याकडे करतो आणि बंद होतांना ‘माझें नांव काढा’ असें सांगतो. सर्व कांहीं शिस्तीनें चाललें तर फळा खरें तेंच सांगतो. परंतु शिस्त मोडण्याचे दोन प्रकार आहेत, आणि कोपऱ्यांतील बहुतेक चमत्कारांचें मूळ त्या दोहोंतच सांपडतें.

पहिला प्रकार असा कीं, एखादा प्रोग्रॅम मध्येंच कोसळतो. बिऱ्हाड न सांगतां उठून गेलें, परंतु नांव फळ्यावर तसेंच राहिलें. अशा मृत चिन्हावरून माउसचा बाण नेला कीं तें एकाएकीं अदृश्य होतें. कारण त्या क्षणीं एक्सप्लोरर त्या नांवाच्या धन्याची चौकशी करूं जातो आणि धनीच नाहीं असें आढळतें. दुसरा प्रकार याच्या उलट. एक्सप्लोरर स्वतःच कोसळून पुन्हा उठतो. जुना फळा पडला, नवा कोरा फळा टांगला गेला. १९९७ सालच्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ पासून अशी सोय झाली कीं, नवा टास्कबार तयार होतांच सर्व प्रोग्रॅमांना तशी हांक दिली जाते. जे प्रोग्रॅम ती हांक ऐकण्यास शिकविलेले असतात ते आपलें नांव पुन्हा लावतात. जे तसे नसतात ते आंत बिनबोभाट काम करीत राहतात, परंतु फळ्यावर त्यांची खूण उरत नाहीं. अशा रीतीनें चिन्ह असून प्रोग्रॅम नसणें आणि प्रोग्रॅम असून चिन्ह नसणें, या दोन्ही गोष्टी संभवतात.

ध्वनीच्या बाबतींत सुदैवानें माणसाजवळ दुसरा एक साक्षीदार आहे, तो म्हणजे कान. म्हणून कर्ण्याचें चिन्ह हरपलें तर पहिल्यानें एखादें ओळखीचें गाणें लावून पाहावें. तें नीट ऐकूं आलें तर ध्वनीचें यंत्र, त्याचा ड्रायव्हर व ध्वनीची सेवा हीं सर्व शाबूत आहेत आणि दोष फक्त फळ्याचा आहे, हें सिद्ध झालें. ड्रायव्हर बदलण्याचा उद्योग अशा वेळीं मुळींच करूं नये.

फळ्याचा दोष काढण्याचे उपाय लहानापासून मोठ्याकडे या क्रमानें करावेत. चिन्ह नाहींसें झालें नसून नुसतें आड गेलें असण्याचा संभव पुष्कळ असतो. २००१ सालच्या विंडोज एक्सपीपासून न वापरलेलीं चिन्हें झांकून ठेवण्याची चाल आली आणि २००९ सालच्या विंडोज ७ पासून तर पुष्कळशीं चिन्हें आपोआप एका लहान बाणामागें जाऊं लागलीं. म्हणून प्रथम तो बाण दाबून पाहावा. तेथें नसेल तर टास्कबारच्या सेटिंग्जमध्यें ध्वनीचें चिन्ह दाखविण्याची खूण केलेली आहे कीं नाहीं तें पाहावें. २०२१ मध्यें आलेल्या विंडोज ११ मध्यें ध्वनि, नेटवर्क व बॅटरी यांचीं चिन्हें एकाच गुच्छांत बसविलीं आहेत. तेथें वेगळा कर्णा शोधीत बसूं नये.

एवढ्यानें काम न झालें तर फळा पुन्हा टांगावा. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्याच्या यादींतील विंडोज एक्सप्लोरर निवडून रीस्टार्ट म्हणावें. क्षणभर टास्कबार नाहींसा होतो व परत येतो. फोल्डरांच्या उघड्या खिडक्या मिटतात, परंतु इतर प्रोग्रॅमांत चाललेल्या लेखनास धक्का लागत नाहीं. त्यानेंही गुण न आला तर सबंध संगणक पुन्हा चालू करावा. मात्र येथें एक बारकावा आहे. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नांवाची सोय आली असून, ती चालू असल्यास शट डाउन म्हटल्यावर प्रणालीचा गाभा पूर्णपणें विसर्जित न होतां डिस्कवर जपून ठेवला जातो व पुढच्या खेपेस तोच परत आणला जातो. त्याबरोबर जुनी गुंतागुंतही परत येऊं शकते. यासाठीं अशा वेळीं शट डाउन न करतां रीस्टार्ट करावें. विंडोज ७ व विंडोज १० मध्यें आणखी एक उपाय शेवटचा म्हणून राहतो. पूर्वीं दिसलेल्या चिन्हांची आठवण रजिस्ट्रींत आयकॉनस्ट्रीम्स व पास्टआयकॉन्सस्ट्रीम या दोन नोंदींत साठविलेली असते. ती नासली म्हणजे त्या दोन नोंदी काढून एक्सप्लोरर पुन्हा चालू केल्यावर आठवण नव्यानें तयार होते. परंतु रजिस्ट्रींत हात घालणें हें जाणत्याचें काम. आणि त्यानेंही आधीं तिची प्रत काढून ठेवावी.

आतां उलट बाजू. चिन्ह जागेवर आहे, पण कानाला कांहींच ऐकूं येत नाहीं. चिन्हावर तांबडी फुली असेल तर ती खरी खबर समजावी: एक तर ध्वनीचें साधन प्रणालीस सांपडत नाहीं, किंवा विंडोज ऑडिओ नांवाची सेवा चालू नाहीं. फुली नसून शांतता असेल तर ध्वनि कोठें जात आहे हें पाहावें. केबलनें जोडलेला नवा मॉनिटर किंवा कपाटांत पडलेला बिनतारी हेडफोन हाच पुष्कळदां ध्वनीचा मालक होऊन बसलेला असतो. चिन्हावर ८० चा आंकडा दिसतो, तो खोटा नसतो. पण तो त्या दुसऱ्या साधनाचा असतो. तसेंच २००७ मध्यें घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक प्रोग्रॅमची पातळी मिक्सरमध्यें निराळी ठेवतां येते. मुख्य पातळी चढलेली आणि एकट्या प्रोग्रॅमची शून्यावर, अशी स्थिति असली तर कोपऱ्यांतील कर्णा आनंदांत असतो व श्रोता शांततेंत.

कळ दाबल्यावर उमटणाऱ्या पट्टीची कथा थोडी निराळी आहे. विंडोज ७ पर्यंत अशी पट्टी प्रणाली स्वतः दाखवीत नसे; लॅपटॉप करणाऱ्या कारखान्याचा छोटा प्रोग्रॅम तें काम करी. म्हणून विंडोज नव्यानें बसविल्यावर आवाज कळीनें वाढे, पण पट्टी दिसत नसे. विंडोज ८ पासून ही पट्टी प्रणालीचीच झाली व वरच्या डाव्या कोपऱ्यांत उमटूं लागली. २०२२ सालच्या विंडोज ११ च्या आवृत्तींत ती खालीं मध्यभागीं आली. जुन्या कोपऱ्याकडे पाहणाऱ्यास ती हरवल्यासारखी वाटते, एवढेंच.

पट्टी खरोखरच उमटत नसेल तर पट्टी नाहीं कीं कळच पोंचत नाहीं, हें आधीं ठरवावें. आवाज बदलत असला तर कळ निर्दोष आहे. बदलत नसेल तर वरच्या रांगेंतील कळा एफएन कळीसह दाबून पाहाव्यात. कित्येक लॅपटॉपांवर त्या रांगेचें काम उलटसुलट करणारें कुलूप असतें व तें नकळत फिरतें. उलट पट्टी पडद्यावरून हालत नसेल तर विंडोज १० मध्यें सूचना किती वेळ दाखवावयाच्या ही सेटिंग पाहावी. ही मुदत ५ सेकंदांपासून ५ मिनिटांपर्यंत ठेवतां येते, आणि आवाजाची पट्टीही तीच मुदत पाळते. मुदत ठीक असूनही पट्टी पुन्हा पुन्हा उमटत असेल व आंकडा आपोआप सरकत असेल, तर एखादी कळ अडकलेली असावी. कीबोर्ड व हेडफोन एकामागून एक काढून पाहिले म्हणजे अपराधी सांपडतो.

इतर प्रणालींतही हाच न्याय लागू पडतो. ॲपलच्या मॅक संगणकास मॉनिटर किंवा टेलिव्हिजन एचडीएमआय केबलनें जोडला असतां आवाजाची कळ दाबल्यावर पुष्कळदां कर्ण्याखालीं मनाईची खूण उमटते. तो बिघाड नव्हे. त्या वाटेनें जाणाऱ्या ध्वनीची पातळी टेलिव्हिजनवरच बदलावी, एवढेंच ती सांगते. लिनक्सवरील नोम या पडदा-व्यवस्थेनें सप्टेंबर २०१७ मधील ३.२६ या आवृत्तींत जुन्या पद्धतीच्या चिन्हांची जागाच काढून टाकली. तेव्हां कित्येकांचे प्रोग्रॅम एका रात्रींत ‘बेपत्ता’ झाले; वस्तुतः ते सर्व आंत चालूच होते. उबुंटूनें त्याच वर्षीं चिन्हें दाखविणारी जोड आपल्या प्रणालींत घालून दिली.

येथपर्यंत ध्वनीचा विचार झाला, आणि त्यांत फसगत झाली तरी नुकसान थोडें. कारण कान साक्षीस उभा आहे. परंतु ज्यांस कमी ऐकूं येतें त्यांना हा साक्षीदार नसतो. त्यांनीं मिक्सर उघडून पाहावा. पातळीच्या खुणेशेजारीं जी हिरवी रेघ ध्वनीबरोबर वरखालीं नाचते, तिच्यावरून ध्वनि खरोखर वाहत आहे हें कळतें. आणि मोठ्या कर्ण्यावर बोटें टेकलीं तर त्याची थरथर हातालाही जाणवते. त्याच कोपऱ्यांत याहून अधिक मोलाचीं चिन्हेंही असतात: फायलींची प्रत दूर साठविणाऱ्या प्रोग्रॅमचा ढग, विषाणूंपासून रक्षण करणाऱ्या प्रोग्रॅमची ढाल. त्यांचें काम निःशब्द चालतें व निःशब्दच थांबतें. ढगाचें चित्र दिसतें म्हणून प्रती निघत आहेत असें मानून चालावें, आणि डिस्क गेल्यावर कळावें कीं प्रोग्रॅम महिन्यांपूर्वींच थांबला होता, हा प्रसंग कोणत्याही घरावर येऊं शकतो. म्हणून महिन्यांतून एकदां तरी तो प्रोग्रॅम उघडून शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे तें वाचावें, आणि एखादी फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. ही तारीख व ती फाईल म्हणजेच तेथील कान होत.

आणि चिन्ह हरपल्याचें निमित्त साधून कोणी पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘तुमचें यंत्र धोक्यांत आहे’ असें सांगूं लागला, किंवा दूरध्वनीवरून यंत्राचा ताबा मागूं लागला, तर त्यास नकार द्यावा. एका हरपलेल्या चित्रासाठीं सबंध घराची किल्ली परक्याच्या हातीं देण्याचें कांहींच कारण नाहीं. बाण दाबणें, फळा पुन्हा टांगणें व यंत्र रीस्टार्ट करणें हीं तीन कामें घरांतील कोणासही करतां येण्याजोगीं आहेत, आणि त्यांस पैसा पडत नाहीं.