नेमकं कोणतं दार ठोठवायचं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

वेडा, मंद आणि ढ. हे तीन शब्द आपण फार सहज वापरतो. गल्लीत, वर्गात, लग्नाच्या मांडवातसुद्धा. रागाच्या भरात वापरतो, तसे थट्टेतही वापरतो. पण घरातलं एखादं माणूस खरोखरच आजारी पडतं किंवा एखादं मूल मागं राहू लागतं, तेव्हा हेच शब्द आड येतात. कारण हे तिन्ही शब्द आपल्या मनात एकच चित्र उभं करतात : याच्या डोक्यात काहीतरी फरक आहे. फरक कसला आहे हेच कळलं नाही, तर मदत कुठं मागायची हे तरी कसं कळणार?

एका जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात मी सत्तावीस वर्षं समाजसेविका म्हणून काम केलं. डॉक्टर तपासतात, औषध लिहून देतात. त्याआधी आणि त्यानंतर घरच्या माणसांशी बोलायचं, त्यांना पुढची वाट दाखवायची, हे माझं काम. त्या टेबलापाशी मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, "मॅडम, आम्ही लई फिरलो." या फिरण्यात देवऋषी असतो, नवस असतात, मेंदूचे फोटो असतात, बुद्धिवर्धक टॉनिकच्या बाटल्या असतात. पैसा जातोच. पण त्याहून मोठी गोष्ट जाते ती म्हणजे वर्षं. म्हणून आज एवढंच सांगायचं आहे की मदत आहे, पण ती एका ठिकाणी नाही. दवाखाना, शाळा आणि कलेक्टर कचेरी अशा तीन ठिकाणी ती विखुरलेली आहे. कोणत्या अडचणीसाठी कुठं जायचं आणि कोणत्या क्रमानं, हे माहीत असलं तर फिरणं पुष्कळ कमी होतं.

तीन वेगळ्या गोष्टी

पहिली गोष्ट मानसिक आजार. यात चांगलं चाललेलं माणूस बदलतं. नीट शिकणारा, नोकरी करणारा मुलगा विशीच्या आसपास खोलीत कोंडून घेऊ लागतो, न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो, घरच्यांवर संशय घेतो. हा स्किझोफ्रेनिया असू शकतो. हसतमुख बाई आठवड्यांमागून आठवडे झोपत नाही, जेवत नाही, जगण्यात काही उरलं नाही असं म्हणते. हे नैराश्य असू शकतं. यांवर औषधं आहेत, समुपदेशन आहे. आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं चांगलं.

दुसरी गोष्ट बौद्धिक अक्षमता, जिला पूर्वी मतिमंदत्व म्हणत. इथं बदल झालेला नसतो, वाढच सावकाश झालेली असते. मूल उशिरा बसतं, उशिरा चालतं, उशिरा बोलतं. ही अवस्था आहे, रोग नाही; त्यामुळं ती गोळीनं बरी होत नाही. मात्र शिकवण्यानं फार फरक पडतो. स्वतःची आंघोळ, कपडे, पैशांचा व्यवहार, एखादं काम, हे यातली बरीच मुलं शिकतात.

तिसरी गोष्ट अध्ययन अक्षमता. हिच्यात बुद्धी चांगली असते. तोंडी विचारा, मूल धडाधड उत्तरं देईल. पण वाचताना अडखळतं, लिहिताना काना, मात्रा, वेलांटी गळते, जोडाक्षरं उलटीपालटी होतात. मराठी शाळेत तर आणखी दोन सापळे आहेत. आपले ३ आणि ६ हे आकडे आरशातल्या प्रतिबिंबासारखे आहेत. आणि आपण 'त्रेपन्न' म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र पाच आधी. साधारण मुलं हे काही दिवसांत पचवतात. अध्ययन अक्षमता असलेलं मूल पाचवीतही ५३ ऐवजी ३५ लिहितं आणि मार खातं. २००७ साली 'तारे जमीं पर' हा चित्रपट आला, तेव्हापासून डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी गेला. तरी वर्गात अजून 'ढ' हाच शब्द चालतो.

हा भेद कायद्यानंही मानलेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यातून बुद्धीची वाढ अपुरी राहण्याची अवस्था स्पष्टपणे वगळली आहे. अर्थात एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. मतिमंद म्हटलेल्या मुलीला नैराश्य येऊ शकतं. सतत बोलणी खाणारा अध्ययन अक्षमतेचा मुलगा आतून इतका खचतो की तो खरोखर आजारी पडतो. म्हणून तर नेमकं निदान आधी हवं.

पहिलं दार : दवाखाना आणि शाळा

मानसिक आजाराची शंका आली तर पुण्या-मुंबईलाच जायला हवं असं नाही. देशात १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि १९९६ पासून त्याचा जिल्हा कार्यक्रम आला. त्यामुळं जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी आधी करावी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथंही बाह्यरुग्ण विभाग असतो. 'येरवड्याला नेलं' याचा अर्थ 'कायमचं टाकलं' असा नाही. बहुतेक माणसं तपासून, औषध घेऊन त्याच दिवशी घरी परततात.

घराबाहेर पडणंच कठीण असेल तर फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारनं टेलिमानस ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. दिवसरात्र कधीही लावता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. रुग्णानंच बोलायला हवं असंही नाही. आईनं, भावानं, शेजाऱ्यानं विचारलं तरी चालतं. घरात कुणी जीव द्यायची भाषा करत असेल तर 'नुसतं बोलतोय' असं म्हणून सोडून देऊ नका. त्या माणसाला एकटं ठेवू नका आणि लगेच मदत मागा.

लहान मुलाची वाढ सावकाश वाटत असेल तर अंगणवाडीपासून सुरुवात करता येते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतून आणि सरकारी शाळांतून मुलांची तपासणी होते आणि शंका आलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतात. इथं घाई करायला एक मोठं कारण आहे. जन्मतः थायरॉईड कमी असलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच औषध सुरू झालं, तर त्याची बुद्धी नीट वाढू शकते. 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबलं, तर ती संधी हातची जाते.

अध्ययन अक्षमतेचं दार मात्र शाळेतून उघडतं. साधारण आठव्या वर्षाच्या आसपास तिचं निदान निश्चित करता येतं. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यंक, मग वाचन, लेखन आणि गणिताच्या चाचण्या. गोळ्या नकोत, हवा तो विशेष शिक्षक. महाराष्ट्रात १९९६ पासून या मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. जादा वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर, अशा अडचणीच्या स्वरूपानुसार त्या ठरतात. दहावीच्या तोंडावर प्रमाणपत्रासाठी धावणारे पालक मी दरवर्षी पाहत असे. हे काम पाचवी-सहावीतच व्हायला हवं. कारण सवलतीपेक्षा शिकवण्याची पद्धत बदलणं महत्त्वाचं, आणि त्याला वर्षं लागतात.

दुसरं दार : कागद

प्रमाणपत्र म्हटलं की घरच्यांचा चेहरा उतरतो. "शिक्का बसेल, बहिणीचं लग्न अडेल." ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण कागद नसला तर हक्कही हाती येत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सातच प्रकार होते. मानसिक आजार आणि मतिमंदत्व त्यात होतं, अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकार आहेत. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यात आल्या. प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असेल तर शिक्षण, नोकरी आणि योजनांमधले बरेच लाभ मिळतात. आता यासाठी ऑनलाइन अर्ज करून वैश्विक ओळखपत्र मिळतं आणि ते देशभर चालतं. गरीब घरातल्या दिव्यांग माणसासाठी तहसील कार्यालयातून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो.

मानसिक आरोग्य कायद्यानं आणखी काही गोष्टी दिल्या आहेत. सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा हक्क आहे. माणसाला साखळीनं बांधणं हा गुन्हा आहे. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतल्या एरवाडी इथं आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या अठ्ठावीस माणसांना पळताही आलं नव्हतं. त्या बातमीनं सारा देश हादरला होता. आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावं, असंही हा कायदा सांगतो. आपली पॉलिसी काढून एकदा वाचा.

"आमच्यामागं काय?"

सत्तावीस वर्षांत सर्वांत अवघड प्रश्न हाच. पासष्टीचे वडील, साठीची आई आणि मध्ये बसलेला पस्तिशीचा मुलगा. त्याचं मन दुखू नये म्हणून ते हळू आवाजात विचारतात, "मॅडम, आमच्यामागं याचं काय?"

याचं उत्तर एका वाक्यात नाही, पण सुरुवात करता येते. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं आई-वडील त्याचे पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना बँकेत गेल्यावरच कळतं. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं अर्ज करून पालक नेमून घेता येतो. याच चार प्रकारांसाठी 'निरामय' ही वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. मानसिक आजाराला मात्र हा न्यास लागू नाही. तिथं रुग्ण बरा असताना त्यालाच विचारून त्याचा प्रतिनिधी नेमून ठेवावा. पुढं उपचाराचे निर्णय घेताना आपल्या बाजूनं कुणी बोलावं, हे २०१७ च्या कायद्यानुसार तो स्वतः लिहून देऊ शकतो. सरकारी नोकरीतल्या पालकांनी अशा मुलाचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी वेळेवर नोंदवावं. आपण असताना हे काम एक-दोन फेऱ्यांत होतं. आपल्यामागं काका-मामांना त्यासाठी खेटे घालावे लागतात.

तिसरं दार : आपल्यासारखी माणसं

कागद आणि औषध दोन्ही असलं तरी एक गोष्ट उरते, ती म्हणजे एकटेपणा. त्यावर इलाज दुसरं तसंच घर. कॅनडात कॅल्गरी इथं प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था सुरू केली. २००४ चा 'देवराई' हा चित्रपट याच आजारावरचा. ठाण्यात १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या आयपीएच संस्थेतही स्वमदत गट चालतात. या मंडळींनी रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणायला सुरुवात केली. शब्द बदलल्यानं आजार जात नाही. पण 'वेड्याची आई' म्हणून खाली मान घालून बसणारी बाई 'मी शुभंकर' म्हणून चारजणांत बोलू लागते, हे मी पाहिलं आहे.

गावात अशी संस्था नसेल तर? अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्पानं गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं. आधी नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार मदत घेत होती. दीड वर्षात ती संख्या सत्तावीसवर गेली. गावातल्याच, ओळखीच्या कुणीतरी 'चला, मी येते बरोबर' म्हणायची गरज होती.

तेव्हा मंडळी, घरात अशी अडचण असेल तर उद्याच एक साधी फाइल करा. जन्माचा दाखला, शाळेची प्रगतिपुस्तकं, प्रत्येक डॉक्टरची चिठ्ठी, औषधांची नावं, सगळं तारखेनुसार लावा. काय बदललं, कधीपासून बदललं, की पहिल्यापासूनच असं होतं, हे एका कागदावर लिहा आणि तो कागद फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा. कोणत्याही दारात उभं राहिलात तरी पहिला प्रश्न हाच विचारला जाणार आहे. आणि घरात अशी अडचण नसेल, तर शेजारी ज्यांच्याकडं आहे त्यांच्याबरोबर एक दिवस जिल्हा रुग्णालयात जा. नंबर लावायला, फॉर्म भरायला, नुसतं बाकावर शेजारी बसायला.