चिखल, मीठ आणि ऊन

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि बुलढाण्यातलं ते विवर देशभरच्या बातम्यांत झळकलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासून सांगितलं, की हा रंग हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा आहे. पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि त्यांचं फावलं.

या कुळातल्या काही जीवांना उन्हातून ऊर्जा मिळवता येते. (हे आर्किया, जिवाणूंचे सख्खे नव्हेत, चुलत.) मग ते प्रकाशसंश्लेषण करतात असं म्हणायचं का? शाळेतली व्याख्या ठाम ‘नाही’ म्हणेल. पण ती व्याख्याच मुळात झाडांकडे बघून लिहिलेली: पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घ्यायचा, उन्हाच्या जोरावर साखर करायची, ऑक्सिजन सोडायचा.

या सूत्राला तडा दिला तो चिखलातल्या जिवाणूंनी. जांभळे आणि हिरवे गंधक-जिवाणू राहतात तिथे ऑक्सिजन नसतो, सडक्या अंड्यांचा वास मात्र भरपूर. १८८३ साली एंगेलमन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, की जांभळे जिवाणू उजेडात जमतात. इतकंच नव्हे, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतही गर्दी करतात. ते ऑक्सिजन सोडत असणार, अशी एंगेलमन यांची समजूत होती. तसं काही नव्हतं.

कोडं सोडवलं ते नेदरलँड्समधून कॅलिफोर्नियात, मॉन्टेरे उपसागराच्या काठी येऊन स्थिरावलेल्या कॉर्नेलिस व्हान नील यांनी. १९३१ साली त्यांनी दाखवलं, की हे जिवाणू पाण्याच्या जागी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि झाड ऑक्सिजन सोडतं तिथे गंधक सोडतात. दोन्ही समीकरणं शेजारी मांडा. जिवाणूंचं गंधक सल्फाइडमधून येतं, तर झाडाचा ऑक्सिजन पाण्यातूनच यायला हवा! तोवर तो कार्बन डायऑक्साइड फुटून येतो असं मानत. १९४१ मध्ये बर्कलीत रुबेन, केमन आणि सहकाऱ्यांनी जड ऑक्सिजन असलेलं पाणी शैवालाला दिलं, आणि बाहेर पडलेला वायू पाण्यातलाच निघाला. ज्यावर आपण श्वास घेतो तो या कारखान्याचा टाकाऊ माल. नील-हरित जिवाणूंनी पाणी फोडण्याची युक्ती साधली नसती, तर सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठायला लागलाच नसता.

आता मीठप्रेमींकडे येऊ. १९७१ साली ऑस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांना हॅलोबॅक्टेरियमच्या जांभळ्या पटलात एक प्रथिन सापडलं. त्याच्या पोटात रेटिनल असतं. आपल्या डोळ्यांत, ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारं, तेच. प्रकाशकण आदळला की रेटिनल वाकतं आणि एक प्रोटॉन पेशीबाहेर ढकलला जातो. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवावं तसे प्रोटॉन बाहेर साठतात. परत आत येताना ते एक सूक्ष्म चक्र फिरवतात आणि त्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. हरितद्रव्य नाही, इलेक्ट्रॉनांची देवघेव नाही, कार्बन डायऑक्साइडशी देणंघेणं नाही. म्हणून जीवशास्त्रज्ञ सहसा याला प्रकाशपोषण म्हणतात, प्रकाशसंश्लेषण नाही. मला हे पटतं.

हा प्रकार मिठागरांपुरताच आहे, असं बरीच वर्षं वाटत होतं. २००० साली समुद्री जिवाणूंच्या डीएनएत तशाच प्रथिनाचा जनुक सापडला. तो डीएनए होता मॉन्टेरे उपसागराच्या पाण्यातला, व्हान नील यांच्या प्रयोगशाळेच्या अंगणातला म्हणा ना. आज ठाऊक आहे की समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या थरात हे प्रथिन बाळगणारे जिवाणू सर्रास आढळतात.

मग रेघ नेमकी कुठे ओढायची? साखर तयार होण्यावर नाही ओढता येत. भातखाचरांच्या मातीत सापडणाऱ्या हेलिओबॅक्टेरियांकडे जिवाणू-हरितद्रव्य असतं, प्रकाशाच्या धक्क्यानं ते इलेक्ट्रॉन उडवतात. पण कार्बन डायऑक्साइड त्यांना पचवता येत नाही, तयार सेंद्रिय अन्न लागतं. तरी पाठ्यपुस्तकं त्यांना प्रकाशसंश्लेषी म्हणतात. म्हणजे खरी कसोटी ठरते ती हरितद्रव्यानं इलेक्ट्रॉन उडवण्याची. ऑक्सिजन सुटला, साखर बनली, तर तो पुढचा भाग.

व्याख्येतला सूर्यसुद्धा सक्तीचा नाही. २००५ साली मेक्सिकोच्या किनाऱ्यापलीकडे, पॅसिफिकच्या पृष्ठभागाखाली सुमारे अडीच किलोमीटरवरच्या गरम झऱ्यातून एक हिरवा गंधक-जिवाणू मिळाला. तिथे ऊन पोचत नाही. त्याला जगायला प्रकाश लागतोच, आणि संशोधकांच्या मते तो भागवतो झऱ्याच्या तापलेल्या तोंडातून निघणाऱ्या अंधूक झळाळीवर.